तोंड साडेतीन इंची, घसा सव्वा इंची

परवा संकष्टीच्या दुपारी माझ्या सिंकमधून साबुदाणा वर आला.

आमच्या घरात संकष्टी कोणी करत नाही. पण मी पहिल्या मजल्यावर राहतो, खाली पार्किंग आहे आणि आमच्या ओळीतल्या चारही स्वयंपाकघरांचं सांडपाणी डक्टमधल्या एकाच उभ्या पाईपातून खाली जातं. तो तळाशी तुंबला की वरच्यांचं काहीच अडत नाही. ते भांडी विसळतात, पाणी सोडून देतात आणि दुपारची डुलकी काढतात. सोडलेलं पाणी मग जे पहिलं उघडं तोंड सापडेल तिथून बाहेर पडतं. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत ते तोंड माझं.

मी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. म्हटलं, जरा वेळ पाणी सोडू नका, माझ्याकडे साबुदाणा वर येतोय. काकूंनी त्यातलं फक्त 'साबुदाणा' ऐकलं.

"कुठला साबुदाणा?"

"तुमचा म्हणत नाही मी. वरून कुणाचातरी."

"चल, बघू."

गाऊनवर ओढणी टाकून काकू खाली आल्या आणि सिंकमध्ये वाकल्या. करडं पाणी, त्यावर तेलाचा तवंग, मिरचीचं एक देठ आणि फुगलेले पांढरे दाणे. मला वाटलं, आता 'अरे देवा' तरी म्हणतील. काकू सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "हा आमचा नव्हे."

"काकू, मी कुठं म्हटलं..."

"गिच्च झालाय बघ. आमची खिचडी मोकळी होते. दाणा न् दाणा वेगळा. विचार कुणालाही."

मी म्हटलं, अहो, तो साबणाच्या पाण्यात भिजून आलाय, कुणाचाही असता तरी गिच्चच झाला असता. काकूंना ते पटलं नाही. त्यांनी बाही वर सारली, त्या पाण्यातून, होय, त्या पाण्यातून, एक दाणा उचलला आणि अंगठा-तर्जनीत चुरडून पाहिला. "आत कणी, बाहेर चिकट. भिजवताना पाणी जास्त घातलंय. मी पाणी घालते नि लगेच निथळते." मग जरा आवाज खाली आणून, "हा चौथ्या मजल्याचा. थांब, तिलाच बोलावते."

चौथ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांनी काही हातात घेतलं नाही, लांबूनच पुरावा तपासला. "आम्ही कूट जाडसर घालतो. ह्यात कूट कुठाय?"

"कूट खाली बसलं असेल," काकू म्हणाल्या.

"आणि आम्ही बटाटा घालत नाही. ही फोड बघा."

"फोड तिसऱ्या मजल्याची असेल."

तिसऱ्या मजल्यावरचे सगळे सकाळपासून टिटवाळ्याला गेले होते. ज्यांच्या दाराला कुलूप, त्यांच्या नावावर बटाटा लागला. पुढे शेंगदाण्याच्या दरावरून गाडी गावदेवीच्या मंडईत गेली, तिथून कुणाच्या तरी सुनेवर. मी माझ्याच स्वयंपाकघरात हातात बादली धरून उभा. एवढ्यात सिंक गुडगुडलं आणि पाणी बोटभर वर चढलं. वर काकूंच्याच घरी मावशी भांडी घासत होत्या. मी काकूंकडे पाहिलं.

"तुझ्या सिंकला उतार कमी आहे," काकू म्हणाल्या.

हे मात्र खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मागच्या वर्षी आम्ही जे नवीन सिंक बसवलं ते चौकोनी, खोल आणि तळाशी सपाट. दिसतं झकास. पाणी मात्र कुठं जावं या विचारात कोपऱ्यात बसून राहतं, मटाराचा दाणा शेवटपर्यंत भिंत सोडत नाही. जाळीचं तोंड साडेतीन इंचांचं, त्याखाली सव्वा इंची पाईप. तोही पेटीच्या भात्यासारखा चुण्याचुण्यांचा, कारण तो कसाही वाकतो आणि सगळ्यांत स्वस्त पडतो. आता तूप गरम पाण्याबरोबर वितळून आत जातं खरं, पण चार हात पुढे गेलं की गार होऊन कडेला चिकटतं. त्यावर भाताची पेज बसते, पेजेवर चहाची पावडर. गुळगुळीत पाईपात यातलं बरंचसं वाहून जातं. चुण्यांच्या पाईपात प्रत्येक चुणीला बिऱ्हाड मिळतं.

संध्याकाळी नाक्यावरचा प्लंबर आला. तुंबलंय ते डक्टमध्ये, हे त्याला दारातच सांगितलं. तरी तो आधी माझ्या सिंकखाली शिरला, दोन ट्रॉल्या काढून हॉलमध्ये ठेवल्या आणि आतून म्हणाला, "साहेब, पाईपात हा वाकडा ट्रॅप कशाला ठेवलाय? कचरा इथंच अडकतो. काढून टाकू. सरळ पाईप देतो."

"आणि वास? झुरळं?"

"डांबरगोळ्या टाका. वरच्या तिन्ही घरांचे ट्रॅप मीच काढले, कुणाची तक्रार नाही."

तक्रार कशी असेल? त्यांची तक्रार माझ्या सिंकमधून बाहेर येते!

ट्रॅपचं हे वाकडं वळण १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने लंडनमध्ये आपल्या संडासाच्या पेटंटात आणलं. पाईप वाकवायचा, वाकात पाणी साठतं, आणि ते पाणी गटाराची हवा घरात येऊ देत नाही. सगळा पहारा दोन इंच पाण्याचा, वीज नको की स्प्रिंग नको. जगात इतकी कमी खर्चाची हुशारी फार नाही. ते पाणी सुकलं की काय होतं, हे हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स वसाहतीत २००३ साली दिसलं. बाथरूमच्या जमिनीतल्या ट्रॅपमधलं पाणी आटलेलं, एक्झॉस्ट पंख्याने सामाईक पाईपातली हवा घरात ओढली आणि ३०० हून जास्त रहिवाशांना सार्स हा श्वसनाचा साथीचा आजार झाला. हे सगळं मी प्लंबरला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तिकडची हवा वेगळी असते, साहेब."

मी ट्रॅप काढू दिला नाही. मग मोर्चा गच्चीवर. वरून पाणी धो धो उतरतं तेव्हा मागे हवेची ओढ लागते आणि खालच्या ट्रॅपमधलं पाणी गुडगुड करत ओढलं जातं. ते होऊ नये म्हणून उभ्या पाईपचं वरचं टोक उघडं ठेवतात. आमच्या गच्चीवर कुणीतरी ते सिमेंटने बुजवलंय. कबुतरं बसतात म्हणून.

आणि खाली, जिथं पाईप आडवा होतो तिथं, साफ करायला झाकण असलेला डोअर बेंड आहे. असतोच. फक्त त्याच्यासमोर मीटरची पेटी ठोकलेली आहे. माणसाचा हात खांद्यापासून सुटा करता आला तर आत जाईल. ज्याने नकाशा काढला त्याने दरवाजा दाखवला, ज्याने पाईप बसवला त्याने दरवाजा बसवला, ज्याने पेटी ठोकली त्याला पेटी ठोकायची होती. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलंय.

किचन करून देणाऱ्या मुलीने आम्हाला ट्रॉलीच्या लॅमिनेटचे इतके नमुने दाखवले होते की बायकोला रात्री रंग दिसायचे. सिंकखाली हात कुठून घालायचा, हे विचारल्यावर ती म्हणाली, तिथं डस्टबिन बसेल. मला फार काही नको. दीड इंची गुळगुळीत पाईप, हाताने फिरवून निघेल असा ट्रॅपचा खालचा कप, त्याखाली बादली राहील एवढी जागा. या वस्तू दुकानात मिळतात, नवलाची गोष्ट एकही नाही. पण हार्डवेअरवाला नळ मखमलीवर ठेवून दाखवतो आणि पाईप मागच्या खोलीतून भिरकावतो. नळ पाहुण्यांना दिसतो ना. सिंकखाली वाकते कोण? मावशी. भांड्यांची मोठी जाळी आणा, असं त्या आल्यापासून सांगताहेत. ती कुणी आणली नाही, पण तुंबलं की चारही मजल्यांवर एकच वाक्य ऐकू येतं: "मावशी, खरकटं टाकता तुम्ही." त्या काही बोलत नाहीत. पगार वाढवायची वेळ आली की मात्र हे वाक्य सगळ्यांना बरोबर आठवतं.

शेवटी पेटी सोडवली, झाकण उघडलं, स्प्रिंग मारली. तुपाचा एक राखाडी गोळा निघाला, तारेची घासणी निघाली आणि तिच्यात अडकलेला स्टीलचा चहाचा चमचा. तोवर सेक्रेटरी काकांनी वहीत खर्च 'पहिला मजला' असा लिहूनही टाकला होता. मी चमचा नळाखाली धरला. दांड्यावर नाव कोरलेलं, दुसऱ्या मजल्याचं, तारखेसकट.

"काकू," मी म्हटलं. इतका गोड आवाज मी लग्न ठरवतानाही काढला नव्हता. "ट्रॅप असलेल्या घरातून चमचा इथवर येत नाही. वळणावरच अडकतो. आणि ट्रॅप फक्त माझ्याकडे आहे."

काकूंनी चमचा उलटसुलट करून पाहिला.

"हे तर आमच्या बंड्याच्या मुंजीत वाटलेले. सगळ्या बिल्डिंगला दिले होते. तुलाही दिला होता की एक. जा, जागेवर आहे का बघून ये."