बाहेर पाठवणं हेच त्याचं बक्षीस होतं

"ताई, द्या ना एकदा ठेवून! घरी बाबांना बरोबर टरकतो."

आमच्या विशेष मुलांच्या शाळेत पालकसभेला दर वर्षी कोणीतरी हे बोलतंच. बोलणारी आई दुष्ट नसते, तिची कित्येक रात्रींची झोप झालेली नसते. मी एवढंच विचारते, "आणि बाबा कामावर गेले की?" मग ती हसते, शेजारच्या दोघी-तिघीही हसतात. मारायला बंदी आहे हे आता सगळ्यांना ठाऊक आहे (शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७). पण माराच्या जागी आलं काय? बहुतेक ठिकाणी चॉकलेट. आणि त्यालाच आपण 'सकारात्मक पद्धत' म्हणायला लागलो. माझं भांडण इथे आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. बौद्धिक अक्षमता, बोलणं चार-पाच शब्दांचं. मणी ओवायला बसवलं की पाच मिनिटांत ताटली उडवायचा. वर्गभर मणी, आणि त्यात एक मुलगी दिसेल ते तोंडात घालणारी! मग मी त्याला मावशींबरोबर व्हरांड्यात पाठवायचे. "शांत झालास की ये." तिथे गार वारा, समोरून जाणाऱ्या एसट्या, आणि डोक्यावरून हात फिरवणाऱ्या मावशी. मला वाटायचं, मी शिक्षा करतेय.

बेसिक-एमआर ही बौद्धिक अक्षमतेसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची, मुलाचं वर्तन तपासायची गुणपत्रिका आम्ही सगळेच भरतो. तिच्या दुसऱ्या भागात ७५ वर्तन समस्या आहेत. याचीही भरली होती. पण मूल एखादी गोष्ट किती वेळा करतं याचे गुण टाकले, की कशासाठी करतं हे कळत नाही. त्यासाठी आधी काय घडलं, मुलानं काय केलं आणि त्यावर त्याला काय मिळालं, असे तीन रकाने रोज लिहावे लागतात. बी.एड.ला शिकले होते. पण वर्गात मुलं नऊ आणि मी एकटी, लिहिणार कधी? तोडगा मावशींनी काढला. ताटली उडाली की भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात रेघ. मणी ओवताना उडाली तर निळी, एरवी लाल. दोन आठवड्यांनी पाहिलं तर सगळ्या निळ्या, लाल फक्त दोन. त्यातली एक डब्यातल्या कारल्यामुळे.

'मला हे नको' असं सांगायला त्याच्याकडे तेवढा एकच मार्ग होता, आणि तो दर वेळी लागू पडत होता! एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८५ मध्येच दाखवून दिलं होतं, की मूल जे मिळवायला आदळआपट करतं तेच मागायची साधी रीत त्याला शिकवली, तर आदळआपट कमी होते. आम्ही पुठ्ठ्यावर व्हरांड्याचा फोटो चिकटवला. फोटो हातात दिलास की लगेच बाहेर. त्या 'लगेच'मध्येच सगळं आहे. पहिल्या दिवशी त्यानं तो इतक्या वेळा दिला, की मुख्याध्यापिका दारातून म्हणाल्या, "हा शिकायला येतो की फिरायला?" प्रश्न रास्त होता. पण त्या दिवशी एकही मणी खाली पडला नाही. पुढच्या आठवड्यापासून एक मणी, मग फोटो. नंतर तीन मणी.

मणीही बदलले. मोठे लाकडी आणले, दोरीचं टोक मेणात बुडवून टणक केलं. अर्धं काम तिथेच झालं. खरं तर हे आधी सुचायला हवं होतं. काम त्याच्या बोटांना झेपत नव्हतं, आणि समस्या म्हणून आम्ही नाव त्याचं लिहीत होतो.

चॉकलेटशी माझं वैर नाही, खाऊ आणि स्टार मीही देते. पण ताटली उडवल्यावर गप्प बसावं म्हणून दिलेलं चॉकलेट त्याला ताटली उडवायलाच शिकवतं. आणि भिंतीवरचे ते स्टारचे तक्ते, ज्यात एकाच मुलाच्या नावापुढची ओळ महिनाभर कोरी असते, ते तर मला बघवत नाहीत.

घरची गोष्ट शाळेपेक्षा अवघड. रडून मोबाइल मागितला तर द्यायचा नाही, हात पुढे करून मागितला तर पाच मिनिटं द्यायचा, हे सांगायला सोपं आहे. पण सुरुवातीला रडणं वाढतं, आणि हे आधी सांगून ठेवलं नाही तर तिसऱ्या दिवशी घर हात टेकतं. मग मूल शिकतं, की अर्धा तास नाही, तासभर रडायचं. हात टेकणारी बहुतेक आजी असते, आणि तिला दोष तरी काय द्यायचा, दिवसभर तीच सांभाळत असते.

परवाच्या सभेतल्या आईला मी म्हटलं, दोन पेनं घ्या आणि दोन आठवडे कॅलेंडरवर रेघा मारून आणा. ती म्हणाली, "रेघा मारीन हो ताई, पण सासूबाईंना तुम्हीच येऊन सांगा."

येत्या रविवारी जातेय.