खेळाडूंच्या पगाराने खेळ बुडाला? जरा हिशेब बघू

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे, पण गाभा तोच. बेसबॉल हा रटाळ, मरायला टेकलेला खेळ आहे. त्यात नऊ जण नुसते उभे असतात. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी पैसे फेकून वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, विकत घेतली. मग गाडी कॉलेज फुटबॉलकडे वळते: पूर्वी पोरं कॉलेजच्या नावासाठी जीव तोडून खेळायची, आता खेळाडूंना पैसे मिळायला लागले आणि सगळं नासलं. यापुढे श्रीमंत विद्यापीठंच जिंकणार. आणि हा सगळा तमाशा चालतो तुमच्या-आमच्या मुलांच्या फीवर. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

मी न्यू जर्सीत राहतो, न्यूयॉर्कच्या मेट्स या बेसबॉल संघाचा पाठीराखा आहे आणि शनिवारी इथल्या रटगर्स विद्यापीठाचा फुटबॉल सामना बघतो. म्हणजे हरण्याचा मला दोन्ही खेळांत दांडगा सराव आहे, तेव्हा आंधळ्या प्रेमापोटी लिहितोय असं कुणी समजू नये. पण या मजकुरातलं फीचं वाक्य अर्धं खरं आहे, ते सोडलं तर बाकीचं टिकत नाही. आणि त्यातला राग जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीच्या माणसावर निघालाय.

आधी रटाळपणा. हे कुणी २०२१ साली लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती. तेव्हा नऊ इनिंगचा सामना सरासरी ३ तास १० मिनिटं चालायचा. पिचर (चेंडू टाकणारा) चेंडू कुरवाळत उभा, बॅटर (फलंदाज) प्रत्येक चेंडूनंतर बाहेर येऊन ग्लोव्हजचे पट्टे सोडतोय आणि बांधतोय. २०२३ पासून मैदानात घड्याळ लागलं. बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या ठाण्यांवर, कुणी नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा, कुणी असेल तर २० सेकंदांत; पुढच्या वर्षी त्या २० चे १८ केले. पिचरने उशीर केला तर त्याच्या नावावर एक बॉल, म्हणजे फायदा बॅटरचा; बॅटरने केला तर एक स्ट्राइक, म्हणजे फायदा पिचरचा. सामना एकदम २ तास ४० मिनिटांवर आला. आयपीएलचा सामना याहून लांबतो, आणि त्याला कुणी रटाळ म्हणत नाही. त्याच वर्षी बेसच्या उशा १५ इंचांवरून १८ इंचांच्या केल्या. बेस चोरण्याचं, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसवर पळून जाण्याचं, मोसमातलं प्रमाण २,४८६ वरून ३,५०३ वर गेलं. मैदानावर येणाऱ्यांची संख्या २०१७ नंतर पहिल्यांदा ७ कोटींच्या पुढे गेली आणि २०२४, २०२५ मध्ये तिथून खाली आली नाही. मरायला टेकलेल्याची नाडी अशी लागत नाही.

‘नऊ जण नुसते उभे असतात’ हे पाच-पाच दिवस कसोटी बघत वाढलेल्या माणसाने म्हणावं, याचं मला खरंच नवल वाटतं. पिचर आणि बॅटर यांच्यात ६० फूट ६ इंच अंतर असतं. ताशी १५० किलोमीटरचा चेंडू तिथे रोजचा आहे. तो टप्पा न पडता येतो, पोचायला साधारण ०.४ सेकंद घेतो, आणि शेवटच्या काही फुटांत खाली किंवा बाजूला वळतो. हातातली बॅट गोल. दहापैकी तीनदा जमलं तर तो मोठा फलंदाज. अमेरिकन आणि नॅशनल या दोन प्रमुख लीगमध्ये संपूर्ण मोसमात दहापैकी चारदा जमवणारा शेवटचा माणूस टेड विल्यम्स, साल १९४१. उभे असलेले ते नऊ जण काय करतात ते कळायला दोन-तीन सामने लागतात, एवढंच. जाता जाता: २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेकडून सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं, ते टेक्सासमधलं ग्रँड प्रेअरीचं मैदान आधी बेसबॉलचंच होतं. तेव्हा शेजारधर्म म्हणून तरी जरा जपून बोलावं.

आता डॉजर्स. ‘पैसे फेकून विकत घेतली’ हे वाक्य मेट्सच्या माणसासमोर म्हणू नये. २०२३ साली मेट्सचा पगाराचा खर्च बेसबॉलच्या इतिहासात तोवरचा सर्वाधिक होता. निकाल: ७५ विजय, ८७ पराभव. मग १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार करून फलंदाज हुआन सोतोला आणलं. २०२५ च्या जूनमध्ये आम्ही सगळ्या लीगमध्ये पुढे होतो. शेवटच्या दिवशी मायामीत हरलो, तेवढ्याच विजयांवर सिनसिनाटी प्लेऑफमध्ये गेलं आणि आम्ही घरी बसलो. पैशाने विजेतेपद मिळत असतं तर न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आतापर्यंत दोन-तीन मिरवणुका निघाल्या असत्या.

डॉजर्सचंच घ्या. २०२२ मध्ये त्यांनी १११ सामने जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्याच मालिकेत सॅन डिएगोकडून आपटले. २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन चषक त्यांनी घेतले हे खरं. पण त्याआधी हे १९९८ ते २००० मध्ये न्यूयॉर्कच्याच यँकीजनी केलं होतं आणि मधल्या काळात कुणालाच जमलं नव्हतं. २००१ ते २०२५ या पंचवीस मोसमांत १६ वेगवेगळे संघ जिंकले. ज्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पगाराला कडक मर्यादा आहे, त्या एनएफएलमध्ये याच काळात न्यू इंग्लंडचा एक संघ सहा वेळा जिंकला आणि कॅन्सस सिटीने पाच मोसमांत तीन सुपर बोल नेले. म्हणजे पगाराला टाळं ठोकलं की सगळे सारखे होतात, हे गृहीतकच कच्चं आहे.

शिवाय २०२५ ची वर्ल्ड सिरीज ज्यांनी बघितली ते ‘विकत घेतली’ म्हणणार नाहीत. तिसरा सामना १८ इनिंगचा. सातव्या सामन्यात टोरंटो नवव्या इनिंगमध्ये विजयापासून दोन आउट दूर होता, तेव्हा डॉजर्सच्या मिगेल रोहासने होम रन मारून बरोबरी साधली. हा रोहास काही कोट्यवधींचा तारा नव्हे, कारकिर्दीच्या उतरणीला लागलेला, क्षेत्ररक्षणासाठी ठेवलेला गडी. त्यांचा पिचर यामामोतो याने आदल्या रात्री ९६ चेंडू टाकले होते, तोच सातव्या सामन्याच्या शेवटी पुन्हा आला आणि ११ व्या इनिंगला सामना संपवून गेला. त्याला पैसे भरपूर मिळतात, पण त्या खांद्याने दुसऱ्या दिवशी परत उभं राहायचं असं करारात लिहिलेलं नसतं.

डॉजर्सच्या ओहतानीच्या ७० कोटी डॉलरच्या कराराची तर इतकी चर्चा होते, पण त्यातले ६८ कोटी २०३४ पासून पुढे मिळणार आहेत. सध्या त्याला वर्षाला २० लाख मिळतात. ही सोय श्रीमंत संघांना फायद्याची आहे, यावर वाद नाही. पण दुसऱ्या टोकाला बघा. पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सने २०२५ मध्ये नऊ इनिंगमागे दोनपेक्षा कमी धावा दिल्या, नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळवला, आणि त्याच्या नावावर विजय १०, पराभव १०. त्याच्यासाठी धावा काढणारे फलंदाज आणायला मालक खर्चच करत नाहीत. लीगच्या महसुलातला वाटा त्यांनाही मिळतो. पिट्सबर्गने शेवटची वर्ल्ड सिरीज १९७९ मध्ये जिंकली. मग दोष खर्च करणाऱ्याचा की खिशात घालणाऱ्याचा? खेळाडू आणि मालकांमधला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय आणि मालकांना पगारमर्यादा हवी आहे. याच मुद्द्यावर १९९४ मध्ये संप झाला आणि वर्ल्ड सिरीजच रद्द झाली होती. तेव्हा हा मजकूर पुढे ढकलताना आपण नकळत कुणाची वकिली करतोय, तेही बघावं.

कॉलेज फुटबॉलच्या सोवळेपणाची गोष्ट याहून भारी. पहिला सामना १८६९ मध्ये आमच्या रटगर्सने प्रिन्स्टनविरुद्ध जिंकला (त्यानंतर अभिमानाने सांगण्यासारखं फार काही केलं नाही), आणि १९२९ साली कार्नेगी फाउंडेशनने मोठा अहवाल काढून सांगितलं होतं की कॉलेजं खेळाडूंना आडमार्गाने पैसे पुरवतात. १९२९! डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात तर खेळाडूंचा गुप्त पगार ठरलेला होता. पकडल्यावर १९८७ चा अख्खा मोसम रद्द झाला. तेव्हा टेक्ससचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबूल केलं की विद्यापीठाच्या मंडळावर असताना, चौकशी झाल्यानंतरही, पैसे देणं चालू ठेवायला आपणच संमती दिली होती. सोवळं हे असं.

पैसा उघडपणे कधी शिरला, तेही माहीत आहे. १९८४ पर्यंत कुठला सामना टीव्हीवर दाखवायचा ते एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची नियामक संस्था, ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ती मक्तेदारी मोडली. विरोधी निकाल लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू. बाजार शिरेल, असा इशारा त्यांनी त्यात दिला होता. शिरलाच. टीव्हीच्या करारांचे पैसे विद्यापीठांना मिळाले, कॉन्फरन्सना (म्हणजे विद्यापीठांच्या गटवार लीगना) मिळाले, कोचना मिळाले. आज बहुतेक राज्यांत सर्वात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये फुटबॉल कोच जिम्बो फिशरला काढलं, तेव्हा त्याला नुसतं घरी बसण्याचे साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. त्यावर हात जोडलेले इमोजी आल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि खेळाडू? १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोने कामगार म्हणून भरपाई मागितली. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो कॉलेजचा नोकर नव्हता, भरपाई नाही. रेजी बुशला २००५ साली सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळाला; कॉलेजात असताना त्याने आणि घरच्यांनी बाहेरून पैसे घेतले म्हणून २०१० मध्ये त्याला तो सोडावा लागला. परत मिळाला २०२४ मध्ये. जवळजवळ शतकभर सगळ्यांनी खाल्लं आणि ताट न मिळालेल्या एकट्यालाच उपवासाचं महत्त्व सांगितलं.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा आणि चेहऱ्याचा जाहिरातीत वापर करून कमावता येऊ लागलं. जून २०२५ मध्ये आणखी एक तडजोड मंजूर झाली: विद्यापीठं आता थेट वाटा देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर, तेही सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंत मिळून. एकट्या फिशरचा निरोप याच्या साडेतीनपटीहून महाग होता.

परंपरा मोडली म्हणून हळहळ असेल तर ती मलाही आहे. पश्चिम किनाऱ्यावरची पॅक-१२ कॉन्फरन्स २०२३ मध्ये फुटली. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड आता अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये खेळतं, आणि लॉस एंजेलिसचं यूसीएलए न्यू जर्सीच्या रटगर्सबरोबर एका लीगमध्ये आहे. पण हे कुणा वीस वर्षांच्या क्वार्टरबॅकने केलं नाही. टीव्हीच्या करारासाठी विद्यापीठांच्या अध्यक्षांनी केलं.

‘आता श्रीमंतच जिंकणार’ या भाकिताचं तर हसू येतं. पोरांना पैसे मिळत नव्हते तेव्हा काय होतं? २०१४ ते २०२० या सात मोसमांत चार संघांचा प्लेऑफ झाला, त्यातल्या सहांत अलाबामा होतं. २०१५ ते २०२० या सहा मोसमांत अलाबामा आणि क्लेम्सन यांनी मिळून पाच विजेतेपदं नेली. कारण साधं होतं: हुशार पोरगा अलाबामात तिसऱ्या क्रमांकावर बाकावर बसला तरी हलू शकत नव्हता, दुसरीकडे गेला तर सहसा वर्षभर बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये ती अट गेली. मग न्यू मेक्सिको स्टेटचा दिएगो पाव्हिया व्हँडरबिल्टला आला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकावरच्या अलाबामाला ४०-३५ ने हरवलं. पोरांनी गोलपोस्ट उपटून नॅशव्हिलच्या रस्त्यांतून नेला आणि नदीत टाकला.

आणि इंडियाना. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक पराभवांचा शिक्का वर्षानुवर्षं याच संघावर होता. २०२३ मध्ये ३ विजय, ९ पराभव. मग जेम्स मॅडिसन विद्यापीठातून कर्ट सिग्नेटी हा कोच आला, तिथली बरीच पोरं बरोबर घेऊन. पुढे कॅलिफोर्निया-बर्कलीहून फर्नांडो मेंडोझा आला, त्याने हाइझमन मिळवला, आणि जानेवारी २०२६ मध्ये इंडियानाने मायामीला २७-२१ ने हरवून १६-० असा मोसम संपवला. इंडियाना गरीब नाही, बिग टेन या त्यांच्या कॉन्फरन्सचा टीव्हीचा पैसा त्यांच्याकडेही येतो. पण तो त्यांच्याकडे आधीही येत होता. बदललं ते एवढंच की खेळाडूला आपली जागा निवडता आली.

राहिली फी. मजकुरात नावं येतात ती ओहायो स्टेट, टेक्सस अशी. या मोठ्या विद्यापीठांचा फुटबॉल तिकिटं, देणग्या आणि टीव्हीवर स्वतःचा खर्च काढतो आणि वर पोहणं, कुस्ती, रोइंग असे खेळही पोसतो. विद्यार्थ्यांकडून क्रीडाशुल्क घेतलं जातं ते बहुतेक मधल्या फळीच्या सरकारी विद्यापीठांत, ज्यांचे सामने मंगळवारी रात्री लागतात आणि कुणी बघत नाही. रटगर्ससारखं मोठ्या लीगमधलं विद्यापीठही याला पूर्ण अपवाद नाही; तिथल्या क्रीडा विभागाची दरवर्षीची तूट कोट्यवधी डॉलरची असते, ती विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि काही प्रमाणात विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरली जाते, आणि ही तूट खेळाडूंना एक डॉलरही द्यावा लागत नव्हता तेव्हापासूनची आहे. तेव्हा मुलाच्या ॲडमिशनच्या वेळी ट्यूशनच्या खालच्या सक्तीच्या शुल्कांची यादी नीट वाचा. ॲथलेटिक्सच्या नावाने मोठी रक्कम दिसली तर विद्यापीठाला विचारा की ती कशासाठी.