घोट्यातली धातूची टोपी

घोट्यात बसवायच्या धातूच्या टोपीवर एक लेख वाचला; टोपी बसवली की घोट्याचं दुखणं कायमचं गेलं, हे त्यातलं विधान जरा जास्तच झालं. टॅलसच्या, म्हणजे नडगीखालच्या घोट्याच्या हाडाच्या, आतल्या कडेची कूर्चा आणि हाड खराब झालं, त्यात दुर्बिणीचं ऑपरेशनही फसलं, तर १५ मिलिमीटरची ही कोबाल्ट-क्रोमची टोपी टायटॅनियमच्या स्क्रूवर बसवतात. तीही कूर्चेच्या किंचित खाली, नाहीतर नडगीच्या हाडाला घासते. शिवाय तिथवर पोचायला घोट्याचं आतल्या बाजूचं हाड कापून नंतर स्क्रूंनी जोडायचं. ते टोचायला लागले की परत टेबलावर! ॲमस्टरडॅमच्या २०१३च्या अभ्यासात निकाल चांगले होते, पण रुग्ण अवघे २०.

इथे इंदुरात रामबागेतले आमचे काका तयारच बसलेत. म्हटलं, काका, टोपी ढिली झाली तर पुढे काय, ऑपरेशन करून सांधा कायमचा जखडून टाकणार का, हे आधी डॉक्टरांना विचारा.