नळीशिवाय पर्याय असतो

‘गिळता येईनासं झालं की नाकातून नळी घालण्याशिवाय पर्याय उरत नाही’ हे अल्झायमरवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. अल्झायमरच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने २०१४ सालीच नळीऐवजी जपून हाताने भरवा, असं सांगितलंय. उलट नळी उपसू नये म्हणून माणसाचे हात बांधतात. इथे पुण्यातच ह्यांचे बांधले होते, चार दिवस. मनगटावरचे वळ मी विसरलेले नाही.

कोथरूडला घरी आणल्यावर पॅलिएटिव्हच्या, म्हणजे आजाराचा त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या, सिस्टरांनी शिकवलं: पाठ सरळ, हनुवटी जराशी खाली, अर्धाच चमचा, घोट उतरला की मगच पुढचा. (शेवटच्या दिवसांतली हॉस्पिस सेवा, पॅलिएटिव्ह म्हणजे फक्त कॅन्सरवाल्यांसाठी, असंच मी तोवर समजत होते. कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.) गुरगुट्या भात, तूप, मेतकूट, वाटीभराला पाऊण तास. नको असेल तेव्हा हे ओठ घट्ट मिटायचे. मला ‘ताई’ म्हणत होते तेव्हा, पण ‘नको’ म्हणायचं पक्कं कळत होतं.