बी.ए.च्या खर्चात सदाशिव पेठेची खोली धरू नका

बारावीचा निकाल लागला की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. दरवर्षी शब्द बदलतात, मुद्दे तेच. आर्ट्स म्हणजे पैसा आणि तीन वर्षं पाण्यात. इंजिनिअर पंचविशीत पॅकेज घेतो, बी.ए.वाला तिशीतही पुण्यात बसून घरून पैसे मागवतो. राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे नुसते पाठांतराचे विषय. आणि मुलींचं काय, लग्नापर्यंत पदवी झाली म्हणजे झालं. खाली सुंदर पिचाईंचा फोटो.

फोटोचं आधी उरकून घेऊ. पिचाई खरगपूर आयआयटीचे. त्यांच्यावरून तालुक्याच्या विनाअनुदानित कॉलेजातल्या इंजिनिअरचा पगार ठरत नाही. यावर कोणीतरी लगेच बाबासाहेबांचं उदाहरण देतं: १९१२ साली एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन ते बी.ए. झाले. खरं आहे, पण त्यावरूनही आजच्या बी.ए.वाल्याला काय मिळेल ते कळत नाही.

आता पैसा. अनुदानित कॉलेजात बी.ए.ची वर्षाची फी काही हजारांत भागते. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ती सहज लाखाच्या वर जाते, वसतिगृह आणि मेस वेगळी, वर्षंही चार. म्हणजे ‘पैसा पाण्यात’ हे वाक्य नेमकं सगळ्यांत स्वस्त पदवीला लावलंय. वर्षाला काही लाख घेणाऱ्या लिबरल आर्ट्स विद्यापीठांबद्दल मेसेज गप्प आहे; तिथे मात्र मी स्वतः हात आखडता घ्यायला सांगेन. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज साधारणपणे तारणाशिवाय मिळतं, म्हणून सही पटकन होते. नुसत्या बी.ए.वर मिळणाऱ्या पहिल्या पगारातून त्याचा हप्ता भरणं फार जड जातं.

पंचविशी-तिशीचा मुद्दा खरा कळीचा आहे, कारण त्यात तथ्य आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी कॉट बेसिसवर राहणारी, मेसचा डबा आणि अभ्यासिकेची फी भरणारी मुलं खरीच आहेत. पण त्या अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावर कोण बसलंय तेही बघा: बी.ई., बी.एस्सी. ॲग्री, बी.फार्म. स्पर्धा परीक्षेला कुठलीही पदवी चालते आणि राज्यसेवेला खुल्या गटातही ३८ वर्षांपर्यंत बसता येतं, त्यामुळे ‘अजून एक अटेम्प्ट’ला अंत नसतो. ही वर्षं पदवीच्या नव्हे, परीक्षेच्या खात्यावर लिहायला हवीत. बी.ए. तर एकविशीत संपलेलं असतं.

उलट बाजूने ‘स्पर्धा परीक्षेला आर्ट्सच बरं’ असं सांगणाऱ्या क्लासवाल्यांवरही विश्वास ठेवू नका. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता यूपीएससीसारखी वर्णनात्मक झाली आहे, वैकल्पिक विषयाला ५०० गुण आहेत, हे खरं. पण यूपीएससीच्या २०२० च्या परीक्षेत देशात पहिले आलेले शुभम कुमार मुंबई आयआयटीचे सिव्हिल इंजिनिअर होते आणि त्यांचा वैकल्पिक विषय होता मानववंशशास्त्र. पुढच्या वर्षी पहिल्या आलेल्या श्रुती शर्मा इतिहासाच्या. विषय कोणालाही घेता येतो, बी.ए.वाल्याला त्यात राखीव जागा नाही.

पाठांतराबद्दल मात्र मेसेजवाल्याशी फार भांडता येत नाही. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांवर बी.ए. पार पडतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. असं मिळालेलं बी.ए. नोकरीच्या बाजारात जवळपास बारावीच्या भावानेच जातं. त्याच तीन वर्षांत ज्याने संख्याशास्त्राचा पेपर टाळला नाही, एक्सेलवर हात बसवला, गावात जाऊन एखादं सर्वेक्षण केलं आणि मराठी-इंग्रजीत दोन पानं नीट लिहायला शिकला, त्याला पुढचे दरवाजे आहेत: अर्थशास्त्रासाठी पुण्याची गोखले संस्था, मुंबईची किंवा तुळजापूरची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), तीन वर्षांचं एलएल.बी. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करणं बंधनकारक केलं. तो पैसा जमिनीवर उतरवायला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर पदवी, झालेली माणसं लागतात. पगार आयटीइतका नसतो, सुरुवातीला तर नाहीच.

एक रस्ता मात्र मी हल्ली कोणालाच सुचवत नाही: एम.ए., मग नेट-सेट, मग प्राध्यापकीची वाट. पात्रता हातात असूनही वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारे लोक जवळपास प्रत्येक कॉलेजात भेटतात. मेसेज लिहिणाऱ्याला आर्ट्सवाल्यांना खरंच घाबरवायचं होतं तर हे लिहायला हवं होतं.

राहिला मुलींचा मुद्दा. ‘तिला बी.ए. करू दे, खर्च कमी’ हे घरात बिनविरोध ठरतं. पण २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, प्रवेश शासनाच्या कॅप फेरीतून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झाला असेल तर. मुलीला अर्थशास्त्रच शिकायचं असेल तर जरूर शिकू द्या. इंजिनिअरिंग हवं असलेल्या मुलीला फीचं कारण सांगून बी.ए.ला बसवत असाल, तर आधी तिची कागदपत्रं काढून या सवलतीत ती बसते का ते बघा.