यवतमाळ, जॉइन व्हायच्या आधी बघून आलो

पोळा झाला की मी यवतमाळ जिल्ह्यात कामाला जातोय, शेती आणि पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत. घरी सांगितलं तर आईपासून चुलत्यापर्यंत सगळ्यांचं एकच, तिकडं कशाला, तिथं दुष्काळ. आता हे म्हणतंय कोण तर सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी आटपाडीची माणसं! आमच्या माणदेशात वर्षाला 500 मिमी पाऊस झाला तर ते चांगलं वर्ष, आणि यवतमाळची सरासरी 900 च्या आसपास. 2012-13 ला आमची जनावरं चारा छावणीत होती, ती माणसं विदर्भाला दुष्काळी म्हणतात म्हणजे टीव्हीची कमाल आहे.

तर जॉइन व्हायच्या आधी एक चक्कर मारून आलो. घाटंजी, पांढरकवडा, राळेगाव असा फिरलो. ऑगस्ट महिना, डोळ्यात मावणार नाही एवढं हिरवं, सागाच्या टेकड्या, खाली कपाशी, मधून तुरीची तासं, सोयाबीन गुडघ्याच्या वर. भेगाळलेली जमीन आणि कपाळावर हात ठेवलेला म्हातारा हा फोटो मे महिन्यात कुठंही मिळतो हो, आमच्याकडं तर मार्चलाच मिळतो. रात्री पाऊस झालेला आणि सकाळी एका काकाजींबरोबर त्यांच्या वावरात गेलो तर धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, वीस पावलं जाईपर्यंत बुटाला एवढी काळी माती चिकटली की पाय उचलंना. काकाजी आधीच चपला हातात घेऊन पुढं. आमच्याकडच्या मुरमाड माळावर वाढलेल्या माणसाला ती माती बघूनच हेवा वाटला, खरं सांगतो. अर्थात सगळीच जमीन अशी नाही, टेकडीच्या कडेनं बरड आहे आणि तिथली कपाशी लगेच ओळखू येते, बारकी आणि पिवळट.

मी विचारलं एवढा पाऊस पडतो मग अडतंय कुठं. म्हणाले, "पाणी पडते जी, पण आपल्या टायमानं नाई पडत. जूनमधी येते, पेरलं का गायब होते. मांगच्या साली दोनदा पेरलं." दोनदा पेरणं म्हणजे काय हे हिशोबात बघा. बीटी कपाशीचं एक पाकीट साडेआठशे नऊशेचं, एकराला दोन पाकिटं धरा, वर वखरणी, मजुरी, खत, आणि हे सगळं कृषी केंद्राच्या उधारीवर. पाऊस वीस दिवस लांबला की उधारीच्या वहीत दुसरी ओळ. सप्टेंबर ऑक्टोबरला बोंड भरायच्या वेळी पावसानं परत दडी मारली की संपलं. तेव्हा एक किंवा दोन पाणी दिलं तर पीक हाताला लागतं, न दिलं तर निम्मं जातं.

बरं विहीर आहे! काकाजींची विहीर काठोकाठ भरलेली, वाकून तांब्यानं पाणी काढावं एवढं वर. पण मोटार नाही. वीज कनेक्शनची डिमांड, म्हणजे त्यासाठी मागितलेली रक्कम, भरून ठेवलीय, आता सोलरचा फॉर्म भरा म्हणतात, भरलाय. शेजाऱ्याकडं मोटार आहे तर लाईट रात्रीची. रात्री वावरात जायचं म्हणजे रानडुक्कर, रोही म्हणजे नीलगाय, आणि या पट्ट्यात वाघसुद्धा, 2018 ला माणसं मारते म्हणून गोळी घातलेल्या अवनी वाघिणीचं प्रकरण गाजलं ते इथलंच. मला कुणी पगार देऊन सांगितलं तरी मी जाणार नाही. आणि ही भरलेली विहीरपण उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही, खाली काळा पाषाण, त्यात पाणी साठणार किती.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. गावात सकाळी किटल्या घेऊन डेअरीवर जाणारी माणसं फारशी दिसली नाहीत. आमच्याकडं पाऊस पडो न पडो, दर दहा दिवसाला दुधाचं बिल येतं, त्यावर किराणा चालतो, पोरांच्या फिया भरल्या जातात. घरटी एखादा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात केरळात नाहीतर तमिळनाडूत, तो पैसे पाठवतो. डाळिंब आहे, शेरडं-मेंढरं आहेत, आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणीपण आलं आणि ते काय आपोआप नाही आलं, वर्षानुवर्षं पाणी परिषदा आणि मोर्चे झाले तेव्हा आलं. इथं पैसा येतो दिवाळीनंतर, कापूस विकल्यावर, आणि तो आला की आधी कृषी केंद्रवाला, मग सोसायटी. पाच एकर काळी जमीन असलेला माणूस जूनमध्ये रिकाम्या खिशाचा आणि आमच्याकडच्या दीड एकर माळ आणि दोन म्हशीवाल्याच्या हातात जरा तरी खेळता पैसा, हे मला आत्तापर्यंत कुठल्या बातमीत दिसलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल मग गायी द्या. दिल्या होत्या! 2006 ला मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात दुधाळ जनावरंपण होती. एका मावशींनी सांगितलं, "भेटली होती आमाले गाय. चारा इकत घ्या लागे अन् दूध घेवाले कोनी नाई. इकून टाकली." संपला विषय. जनावर वाटणं सोपं, रोज सकाळी गाडी येऊन दूध नेणं अवघड, आणि रोजचं अवघड काम पॅकेजमध्ये बसत नाही.

शेतकरी आत्महत्यांबद्दल मी कुणाला विचारलं नाही. लोकांनीपण विषय काढला नाही. सोयाबीनला भाव का नाही यावर मात्र तासभर बोलले, 2024 ला हमीभाव क्विंटलला 4892 रुपये आणि बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं, यावर पारावरच्या प्रत्येकाकडं स्वतःची थिअरी होती आणि काही थिअऱ्या आमच्या कृषी पदवीवाल्यांपेक्षा बऱ्या होत्या.

त्यामुळं नुसते बंधारे, खोलीकरण आणि त्याचे ड्रोन फोटो यात मला फार रस राहिला नाही. बंधारा हवाच, पण त्यातलं पाणी ऑक्टोबरात कपाशीपर्यंत पोचायला मोटार, दिवसाची लाईट आणि दोनशे फूट पाईप लागतो, त्याचं उद्घाटन कुणी करत नाही. जॉइन झाल्यावर पहिल्यांदा हेच मागणार आहे, की गावातल्या विहिरींची यादी करू, कुठल्या विहिरीवर मोटार नाही, कुठं डिमांड किती वर्षं पडून आहे. आणि चारा. दुधाचं संकलन नव्यानं उभं केलेलं कुणी ओळखीत असेल, यवतमाळ वर्ध्याकडचं असेल तर उत्तमच, नंबर इनबॉक्स करा.