आईचा व्हिसा, आणि तोही उद्याच

आईला कायमचं अमेरिकेत न्यायचं असेल, तर पहिलं पथ्य म्हणजे वेळ हाताशी असेपर्यंत काही करू नका. नागरिकत्वाची शपथ घेऊन तुम्हाला दहा वर्षं झाली. वयाची एकविशी तर केव्हाच उलटली होती, म्हणजे आईसाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला कायमचं नेण्यासाठीचा पहिला अर्ज, भरायची पात्रता त्या शपथविधीच्या दुपारीच आली होती. आईवडील 'इमिजिएट रिलेटिव्ह' वर्गात येतात. त्यांना वार्षिक कोटा नाही आणि भावंडांच्या अर्जासारखी वर्षानुवर्षांची रांगही नाही. एप्रिल २०२४ पासूनचं शुल्क ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५. इतकं सरळ काम वेळेत उरकण्यात काय गंमत? आई धडधाकट असेपर्यंत "तिला तिकडे करमायचं नाही" म्हणत राहावं. ती न्हाणीघरात घसरली की त्याच रात्री दीड वाजता वकिलातीतल्या तातडीच्या अर्जाची माहिती शोधायला बसावं.

आधाराला कुणाच्या तरी साडूची गोष्ट घ्या. त्याने म्हणे दिल्लीत अर्ज दिला आणि बघता बघता आई न्यू जर्सीत. गोष्ट खरीही असेल. तेव्हा अमेरिकी इमिग्रेशन खात्याची, म्हणजे यूएससीआयएसची, दिल्लीची कचेरी भारतात राहणाऱ्या अमेरिकी नागरिकांचे असे अर्ज घेत असे. १ फेब्रुवारी २०२० पासून ते बंद झालं. आता परदेशातल्या वकिलातीत किंवा कॉन्सुलेटमध्ये आय-१३० देता येतो तो अपवादात्मक परिस्थितीत, आणि तोही तिथल्या अधिकाऱ्याने घ्यायचं कबूल केलं तर. पण नियम बदलले म्हणून साडूने गोष्ट सांगायची थांबवलेली नाही, तेव्हा तुम्हीही ऐकायची थांबवू नका.

'अपवादात्मक' कशाला म्हणायचं याची उदाहरणं खात्याने छापून ठेवली आहेत: तातडीचा वैद्यकीय प्रसंग, जिवाला धोका, लष्करी नेमणूक, वयोमर्यादा ओलांडायला आलेलं मूल, दत्तकविधान, आणि परदेशात नोकरी करणाऱ्या नागरिकाला ऐनवेळी अमेरिकेत बोलावणं. यादी इथेच संपते असं नाही, अधिकाऱ्याला विवेकाधिकार आहे. आपण मात्र यादी न वाचता आपली कारणं द्यावीत. आई एकटी पडली आहे. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. कामवाली बाई सोडून गेली.

आणि सर्वांत हुकमी कारण, बाळंतपण. खात्याच्या नियमपुस्तिकेत गरोदरपणाचा उल्लेख आहे, एवढं ऐकून फार पुढे वाचू नका. तिथे म्हटलंय की अर्जदार किंवा जिच्यासाठी अर्ज आहे ती व्यक्ती गरोदर असेल आणि प्रवास लांबल्याने धोका संभवत असेल, तर. तुमच्या प्रकरणात अर्जदार तुम्ही, म्हणजे मुलगा, आणि लाभार्थी तुमची एकाहत्तर वर्षांची आई. दिवस गेलेत सूनबाईंना, त्या अर्जावर कुठेच नाहीत. डिंकाच्या लाडवांसाठी ग्रीन कार्ड देण्याची तरतूद अमेरिकेच्या कायद्यात नाही. त्या कामाला बी-२ हा पाहुण्यांचा व्हिसा असतो, पण साध्या व्हिशाने समाधान मानेल तो मुलगा कसला?

बदलीचं कारण त्या मानाने पक्कं आहे. हिंजवडीत काम करणारा अमेरिकी नागरिक, कंपनी म्हणते तीन आठवड्यांत डॅलसला हजर व्हा, आईला मागे ठेवणं शक्य नाही. हे पक्कं कारण कच्चं कसं करायचं ते पाहा. कंपनीचं पत्र जोडताना तारखेकडे बघू नका. पत्र जानेवारीतलं, रुजू व्हायचं ऑगस्टात आणि तुम्ही धावताय जुलैत, हे अधिकाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं. अल्प सूचना कंपनीने दिली की तुम्ही स्वतःच स्वतःला, एवढंच तो तपासतो. आणखी एक मेख आहे. आईच्या खर्चाची हमी देणारा आय-८६४ भरणाऱ्याचं बस्तान अमेरिकेत असावं लागतं, किंवा आईच्या आधी नाही तर आईबरोबर तिकडे परततोय हे दाखवावं लागतं: भाड्याचा करार, मुलांचे शाळाप्रवेश, बँक खातं, नेमणुकीचं पत्र. तुम्ही मात्र नुकताच बाणेरला फ्लॅट बुक केल्याचं अभिमानाने सांगा.

आता अर्ज पोचवायचा. रीत अशी की मुंबईच्या कॉन्सुलेटच्या इमिग्रंट व्हिसा विभागाला आधी ईमेल करायची. काय प्रसंग आहे, कोणत्या तारखेच्या आत प्रवास हवा, पुरावा कोणता, आणि अमेरिकेत नेहमीसारखा अर्ज केला तर का चालणार नाही, हे एका पानात लिहायचं. होकार आला की दिलेल्या दिवशी जायचं. त्याऐवजी आईला व्हीलचेअरवर बसवून थेट बीकेसीतलं कॉन्सुलेट गाठावं. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला सगळं सांगावं, तो शांतपणे ऐकून घेईल, आणि मग मोबाइल आत नेता येत नाही एवढं सांगेल. सोबत नगरसेवकाचं शिफारसपत्र असू द्या. ते ज्या फाइलमध्ये न्याल ती जरा जाड दिसेल. अमेरिकेतल्या तुमच्या मतदारसंघाच्या काँग्रेस सदस्याचं कार्यालय अशा प्रकरणांत खात्याकडे रीतसर चौकशी करतं, पण तिकडे आपली ओळख नाही ना.

आय-१३० अमेरिकेत आधीच भरून ठेवला असेल, तर खरा रस्ता म्हणजे त्याच अर्जाच्या पावती क्रमांकावर एक्स्पेडाइटची, म्हणजे तो लवकर निकाली काढण्याची, विनंती. तुम्ही दुसरा अर्ज भरा. एका आईच्या दोन फाइली झाल्या की दोन्ही कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवतात.

डॉक्टरांच्या पत्राबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण बरीच प्रकरणं तिथे झोपतात. पत्र फॅमिली डॉक्टरकडून प्रिस्क्रिप्शनच्या चिठ्ठीवर घ्यावं. मजकूर: "पेशंटला वीकनेस आहे, मुलाजवळ राहिल्यास सुधारणा होईल." खाली सही, तीही शाई पसरलेली. रुग्णालयाचं लेटरहेड, निदान, चालू उपचार, अमुक तारखेच्या आत प्रवास का करायला हवा, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि कॉन्सुलेटने फोन केला तर उचलला जाईल असा नंबर, हे सगळं टाळावं. नाहीतर दुसऱ्या टोकाला जावं. चिठ्ठीवरच्या वीकनेसने काम होत नाही म्हटल्यावर ओळखीच्या स्पेशालिस्टकडून असं दणदणीत पत्र आणावं की वाचणाऱ्याने हात जोडावेत: हृदय २० टक्के, मूत्रपिंडं त्याहून कमी. मग अधिकारी दोन साधे प्रश्न विचारतो. बाई सोळा तास विमानात बसू शकतील का? आणि तिकडच्या उपचाराचा खर्च कोण करणार? ग्रीन कार्ड देताना येणारी व्यक्ती, म्हणजे आई, सरकारवर भार होईल का हे बघणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यात वय, प्रकृती, कौटुंबिक स्थिती, पैसा, शिक्षण धरतात. म्हणजे ज्या आजाराने फायलिंगचं दार उघडायचं, तोच आजार पुढच्या दारात आडवा येतो. उत्तर असतं, खासगी विम्याची आणि बँकेतल्या रकमेची कागदपत्रं. ती नेऊ नका. "मी आहे ना!" म्हणा.

बाकी हे सगळं जमलं तरी घाबरू नका, आपली नावं आहेत.

कॉन्सुलर अधिकारी हा अर्ज मंजूर करू शकतो तो निखालस स्पष्ट असेल तरच. नामंजूर करण्याचा अधिकार त्याला नाही. जरा शंका आली की तो फाइल यूएससीआयएसकडे पाठवतो, आणि तुमची तातडी सर्वांच्या रांगेत जाऊन उभी राहते. शंका यावी अशी सोय मराठी घराने पिढ्यान्‌पिढ्या केलेली आहे. शाळेच्या दाखल्यावर आई कुमुद. लग्नात तांदळात सासरचं नाव लिहिलं ते शालिनी. तुमच्या जन्मनोंदीत आईचं नाव "सौ. शालिनीबाई", पासपोर्टवर शालिनी आणि मधे नवऱ्याचं नाव वसंत, आधारवर वसंतराव. कुमुद, शालिनीबाई आणि शालिनी या तीन बायका नसून एकच आहे हे तुमच्या गल्लीत सर्वांना माहीत आहे, पण गल्ली बीकेसीला येत नाही. विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, आणि अर्जातल्या 'इतर नावे' या रकान्यात तिन्ही नावं, असं केलं तर प्रश्न उरत नाही. म्हणून तो रकाना कोरा सोडावा.

तुमची स्वतःची जन्मनोंदही काढून बघा, शक्यतो आदल्या दिवशी. गावाकडचा जुना जन्म असेल तर गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, कोतवाल बुकात, एक ओळ सापडेल: तारीख, बापाचं नाव, लिंग "मुलगा". बाळाच्या नावाचा रकाना रिकामा, आईचा पत्ता नाही. घोटीव मराठीतली ती ओळ कुणाची आहे, याचा पुरावा द्यायचा तर नोंद उपलब्ध नसल्याचा नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि तुमच्या जन्माची माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं लागतात. माहिती असलेल्या दोघांतली आत्या ऐंशीच्या पुढची आणि काका कानाने अधू, तेव्हा त्यांच्याकडेही सर्वांत शेवटी जा. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर आणि खाली "मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे" असं भाषांतरकाराचं सही-तारखेसह निवेदन हवं असतं. तुम्ही त्याऐवजी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा गोल शिक्का मारून आणा. फाइलला भारदस्तपणा येतो.

वडिलांनाही न्यायचं असेल तर त्यांच्यासाठी वेगळा आय-१३० लागतो. आईच्या अर्जावर ते चढत नाहीत, धाकटी बहीण तर नाहीच. शिवाय वडिलांच्या अर्जाला दोघांच्या लग्नाचा दाखला हवा. लग्न १९७१ चं, नोंद कुणी केली नाही. आता नोंदणी करायला तीन साक्षीदार, लग्नपत्रिका आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची माहिती लागते. पत्रिका ट्रंकेत आहे. गुरुजी मात्र नाहीत.

समजा तुमच्या सर्व प्रयत्नांना न जुमानता अर्ज मंजूर झाला. आता पुढचं सगळं कॉन्सुलेटमध्येच होणार, नेहमीच्या अर्जांना पडणारा न्यू हॅम्पशायरच्या व्हिसा केंद्राचा फेरा वाचला. तरी डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिशाचा अर्ज आहे, ३२५ डॉलरचं व्हिसा शुल्क आहे, पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस क्लिअरन्स दाखला आहे. बाबा सोळा वर्षांचे झाल्यानंतर बारा महिने किंवा जास्त जिथे राहिले, त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला विचारतात. चाळीस वर्षांपूर्वी ते आखातात दीड वर्ष होते, हे त्यांनी मुलाखतीच्या खिडकीशी आठवून सांगावं. आणि वैद्यकीय तपासणी. ती ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच होते, छातीचा एक्स-रे काढतात. तरुणपणी आईला क्षय होऊन बरा झाला होता, ते घरात कुणी बोलत नाही. एक्स-रे बोलतो. मग तीन दिवस थुंकीचे तीन नमुने, आणि कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे. त्याला तातडी समजत नाही, जिवाणू आपल्या गतीने वाढतात. जुने उपचाराचे कागद आणि आधीचे एक्स-रे नेले तर डॉक्टरला तुलना करता येते, पण ते रद्दीत गेले असतील तर उत्तमच.

पैशाचं थोडक्यात. आय-८६४ साठी उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं. २०२५ च्या आकड्यांनी चार माणसांच्या घराला ते ४०,१८७ डॉलर होतं, आणि त्या चारांत आई धरायची असते. कमी पडलं तर मावसभावाला संयुक्त प्रायोजक करा. ही हमी आई नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या खाती कामाच्या ४० तिमाह्या जमेपर्यंत चालते आणि कोर्टात वसूल होऊ शकते, हे त्याला दिवाळीनंतर सांगा.

काहीच जमलं नाही तर आईचा बी-२ आहेच. त्याच्या डीएस-१६० अर्जात सरळ प्रश्न असतो: तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज भरला आहे का? एजंट म्हणेल, "नाही" टाका, कोण बघतंय. खात्याच्या संगणकाला विसराळूपणा नसतो. खोटं उत्तर पकडलं गेलं तर अपात्रता आयुष्यभराची. ती माफ करून घ्यायला आईच्या नवऱ्याचे किंवा आईच्या आईवडिलांचे हाल दाखवावे लागतात, आणि तेही अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले हवेत. मुलाचे हाल त्यात धरत नाहीत, तुम्ही कितीही रडलात तरी.

व्हिसा मिळाला, २३५ डॉलरचं इमिग्रंट शुल्क ऑनलाइन भरलं, आई पोचली. तीन महिन्यांत ती म्हणेल, गणपतीला घरी जायचं, मग दिवाळी, मग नात्यातलं एक लग्न, उन्हाळ्यात आंबे. वर्षभर किंवा जास्त बाहेर राहिलं तर नुसत्या ग्रीन कार्डावर परत येता येत नाही. त्यासाठी निघण्यापूर्वी आय-१३१ भरून रीएंट्री परमिट मागायचं असतं, आणि अर्ज करताना ती अमेरिकेत असावी लागते. तिला नेवार्क विमानतळावर सोडून परत येताना, टोलनाक्यापाशी, हे आठवलं तरी चालेल.